करवलीने दार अडवलं

आमच्या प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न मी आजवर कोणाला विचारलेला नाही. तो माझी लेक विचारते.

काम असं असतं. पेणपासून रोह्यापर्यंतच्या गावांत ज्यांच्या घरी अपंग मूल आहे, किंवा मूल म्हणून वाढवलेलं मोठं माणूस आहे, त्यांच्याकडे जायचं, बसायचं आणि सांभाळणाऱ्याशी बोलायचं. सरकार अशा माणसाला दिव्यांग म्हणतं, शेजारी आणखी काहीबाही म्हणतात आणि घरचे नावाने हाक मारतात. त्याला तपासायला डॉक्टर असतात, शिकवायला शिक्षक असतात. त्याच्या आईला मात्र ‘तुझं काय चाललंय गो?’ असं विचारायला कोणी येत नाही. मुंबईच्या एका संस्थेला ते विचारायचं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ते काम अंगावर घेतलं, कारण मीही तसलीच आई आहे.

माझ्या लेकीला डाउन सिंड्रोम आहे. तिशी ओलांडलेली, ठेंगणी, चष्मेवाली आणि माझ्यापेक्षा पुष्कळ माणूसवेडी. तिचे बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, त्यामुळे मी जाते तिथे ती येते. पहिल्या काही घरी तिने नुसता चहा प्यायला. मग माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि रेकॉर्डिंगचं खातं स्वतःकडे घेतलं. बटण दाबायचं, फोन बोलणाऱ्याच्या तोंडासमोर धरायचा आणि बोलणारं रडायला लागलं तर दुसऱ्या हाताने त्याची पाठ थोपटायची, हे तिचं तिनेच ठरवलं.

शेवटचा प्रश्न असा होता : ‘आपल्या पश्चात यांचा सांभाळ कोण करील असे आपणास वाटते?’ वाक्य शहरात बसून लिहिलेलं होतं, ते कळतंच. जिते गावातल्या एका घरी मी पहिल्यांदा तिथवर पोचले आणि अडले. मी कागदाकडे बघत राहिले. लेक माझ्याकडे बघत राहिली. मग तिने ‘साखर किती?’ असं विचारावं तितक्या सहज समोरच्या बाईंना विचारलं, “तुमच्यानंतर कोण?” त्या दिवसापासून तो प्रश्न तिचा झाला. त्याखाली छापलेलं आभाराचं वाक्यही तिनेच घेतलं. बोलणं संपलं की फोन काखेत धरून, हात जोडून, शाळेच्या संमेलनातल्या निवेदिकेसारखी ती म्हणते, “आम्ही आपले आभारी आहोत.” आणि मगच बटण बंद करते.

उत्तरं बहुधा एकच. माणसं वर कौलांकडे नाहीतर पत्र्याकडे बघतात आणि म्हणतात, देव हाय. एक बाबा म्हणाले, “मी हिच्या आधी नाय मरनार,” आणि इतक्या गंभीरपणे म्हणाले की मी ते तसंच उतरवून घेतलं. एक आई चिडून माझ्या लेकीलाच म्हणाली, “तू सांभालशील का?” लेक लगेच म्हणाली, “हो.” सगळे हसले, मीही हसले. पण घरी येताना ते हसू टिकलं नाही. हाच प्रश्न मला कोणी विचारला असता तर मीही पत्र्याकडेच बघितलं असतं.

अहवाल लिहून झाला, मुंबईला गेला, छापूनही आला. तो वाचून कोणत्या आईला चार घटका झोप मिळाली असेल असं मला वाटत नाही. तेव्हा आम्ही काही पालक एकत्र आलो आणि पेणमध्ये एक खोली मागायला लागलो. आठवड्यातले दोन दिवस आयांनी मुलांना तिथे सोडावं, बाकीच्या पालकांनी आळीपाळीने बघावं आणि सोडणाऱ्या आईने त्या वेळात काय वाटेल ते करावं, एवढंच. त्यासाठी मी कचेरीत इतके हेलपाटे घातले की शिपायाने मला पंख्याखालची खुर्ची ठरवून दिली. मी भांडत होते, हे खरं. पण खोली माझ्या भांडणाने मिळाली की लेक प्रत्येक साहेबाशी रोज हात मिळवून “डबा खाल्ला का?” विचारायची त्याने मिळाली, हे मी आजही सांगू शकत नाही. एका बंद पडलेल्या बालवाडीची खोली मिळाली. भिंतीवरचे ससे आणि मोर आम्ही तसेच ठेवले.

पहिल्या दिवशी आया मुलांना आत सोडून बाहेर दारातच उभ्या राहिल्या. कुठे जायचं तेच त्यांना सुचेना. एकजण बाजारात गेली आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन उलट्या पावली परत आली. मी तिला रागावले. ती म्हणाली, “सवय नाय गो ताई.”

त्यांच्यातच गडबच्या पुढे खाडीकडे वळलं की लागणाऱ्या एका गावातली बाई होती, तिला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. तिच्या घरी पूर्वी मिठागरावरचं काम, आता मुलगा नागोठण्याकडे कंपनीत शिफ्ट करतो. नवरा लवकर गेला. मुलाच्या वरची एक मुलगी. जन्मताना तिचा श्वास अडकला आणि तेव्हापासून हातपाय तिचं ऐकत नाहीत. ती चालत नाही, शब्द बोलत नाही. पण ‘हो’ला जिभेने टक् असा आवाज काढते, आणि ‘नाही’ला असं ओरडते की पुन्हा विचारायची सोय राहत नाही. तिला सगळं कळतं. वहिनी तिला मिनीडोर रिक्षातून घेऊन यायची, आमच्याकडच्या चाकाच्या खुर्चीत बसवायची आणि स्वतः कुठेही न जाता त्याच खोलीत मोराखाली चटई टाकून झोपायची. आम्ही तिला कधी उठवलं नाही. पुढे खटपट करून तसलीच एक खुर्ची आम्ही तिला घरी न्यायलाही मिळवून दिली.

एक दिवस ती झोपली नाही. माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “ताई, पोराचं लगीन ठरलं. हलदीचा दिस आन लग्नाचा दिस, दोन दिस हिला ठेवाल का? रातची पन.”

मी खूश झाले. शेवटी ही बाई काहीतरी मागायला शिकली, असं मला वाटलं. खोलीत नाही, माझ्या घरीच ठेवते, मी म्हटलं. मग सहज विचारलं, “पण लग्नाच्या दिवशी कशाला? करवली तीच ना?”

वहिनी पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग एकेक गोष्ट बाहेर आली. मुलाचं आधीचं एक जमत आलेलं लग्न या मुलीला बघूनच मोडलं होतं. म्हणून या वेळी चुलत्याने ठरवलं होतं की लग्न लागेपर्यंत तिला समोर आणायचं नाही. नवरीची कोलाडकडची मंडळी घर बघायला आली तेव्हा ती शेजाऱ्यांकडे होती. ‘मोठी बहीण आहे, बरी नसते,’ इतकंच त्यांना सांगितलं होतं. करवली म्हणून चुलतबहीण उभी राहणार होती. मुलाला सांगणार होते की बहिणीला ताप आहे, मामाकडे ठेवली आहे.

माझं डोकं फिरलं. ज्या विसाव्यासाठी मी इतकी भांडले होते, तो मुलगी लपवायला कामी येणार होता. मी चार शब्द बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनी म्हणाली, “तुमची पोरगी इचारते ना, तुमच्यानंतर कोन? त्याचं लगीन झालं, हिला वयनी चांगली मिलाली, तर कोनीतरी हाय. लगीनच मोडलं तर कोन हाय?”

मी हो म्हटलं. त्या चुलत्याला मात्र मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या.

हळदीच्या दिवशी सकाळी वहिनी तिला खुर्चीसकट सोडून गेली. मुलगी रडली नाही, नुसती रुसून बसली. भात नको, खीर नको. लेकीने मोबाइलवर नाचाची गाणी लावून दाखवली तर एकदाच ‘नाही’ म्हणून ओरडली, सगळ्या आळीला ऐकू गेलं. दुपारी तिचे कपडे काढायला म्हणून मी पिशवी उघडली. रोजच्या दोन गाउनखाली एक साडी निघाली, हिरवी, मोठ्या काठांची, कोरी. बरोबर ब्लाउज, तिच्याच मापाने शिवलेला, वाकड्या हातात सहज चढावा म्हणून बाहीला बंद लावलेले. करवलीची साडी. जिला मांडवात न्यायचंच नाही तिच्या पिशवीत आईने ती का भरली, ते मला कळलं. मी साडी परत घडी करून ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

दिवेलागणीला दार वाजलं. उघडलं तर समोर नवरदेव. कपाळापासून पावलांपर्यंत पिवळा, अंगावर पंचा, हातात अडकित्ता, आणि मागे मोटारसायकलवर त्याचा मित्र. आमच्या भागात हळद लागलेल्या नवऱ्याने घराबाहेर पाऊल टाकायचं नसतं. वाईट लागू नये म्हणून हातात लोखंड धरून घरातच बसायचं असतं. हा तसाच हायवेने ट्रकांच्या मधून पेणपर्यंत आला होता. वाटेत लोकांनी काय बघितलं असेल ते देव जाणे.

“मामाकडं हाय म्हनाले,” तो दारातूनच बोलायला लागला. “आन हलदीला मामाच मांडवात उभा! मला इचारतो, ताय कुटं? मी आयेकडं बगितलं, आय रडाय लागली, मंग सांगितलं हितं हाय म्हून.” मग आत बघून त्याने आवाज चढवला, “ताय! चल. तुज्या हातची हलद लागल्याबिगर मी बोहल्यावर चरनार नाय.”

आतून टक् असा आवाज आला. मग पुन्हा टक्. टक् टक् टक्.

मी त्याला म्हटलं, “अरे, पण चुलते? आणि मुलीकडचे?”

“लगीन मोरलं तर मोरलं,” तो म्हणाला. आणि हातातला अडकित्ता नुसताच उघडमीट करत राहिला.

मागून त्याच्या मित्रांचा टेम्पो आला. मुलगी, खुर्ची, पिशवी, मी, सगळं टेम्पोत. माझी लेक कोणाला न विचारता पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. मांडवात पोचलो तेव्हा डीजे बंद पडल्यासारखी शांतता झाली. चुलता समोर आला. उंच, हाडकुळा, गवंडीकाम करून हात दगडासारखे झालेले. त्याने मुलीकडे बघून मान फिरवली आणि मांडवाच्या पार टोकाला जाऊन बसला. बहिणीची मूठ आईने हळदीत बुडवली. ती भावाच्या गालावर न लागता त्याच्या कानाला, डोळ्याला आणि शेजारी वाकलेल्या मामाच्या टोपीला लागली. कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले.

दुसऱ्या दिवशी कोलाडच्या पुढे लग्न लागलं. हिरवी साडी नेसून ती भावाच्या मागे खुर्चीत बसली, मांडीवर पाण्याचा करा, आणि दिवा चुलतबहिणीने तिच्या हाताखाली हात धरून सांभाळला. त्या चुलतबहिणीचा मान गेला होता, पण तिने तोंड वाकडं केलं नाही, हे मला लिहून ठेवायचं आहे. मुलीकडच्या बायका एकमेकींच्या कानाला लागत होत्या. अंतरपाट खाली आला तेव्हा नवरीने नवऱ्याकडे बघितलं आणि मग त्याच्या खांद्यावरून मागे, खुर्चीकडे. किती तरी वेळ बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून मला काही म्हणजे काही कळलं नाही. शाळेत इतकी वर्षं चेहरे वाचण्यात काढली, पण तो चेहरा वाचता येईना. लग्न लागलं होतं, मोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण वहिनी ज्यासाठी हे सगळं करत होती ते त्या चेहऱ्यावर अवलंबून होतं, आणि वहिनीही तिकडेच बघत होती.

संध्याकाळी वरात घरी आली. नवरी घरात येण्याआधी नवऱ्याच्या बहिणीने दार अडवायचं आणि ‘तुझी लेक माझ्या लेकाला देशील का?’ असं विचारायचं. भाऊ हो म्हणाला की दार सोडायचं. थट्टेचाच प्रकार, पण तो झाल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही. म्हणून वरात पोचायच्या आधी आम्ही टेम्पोने पुढे आलो. करवली आधी आत पाहिजे म्हणून भावंडांनी घाईघाईत तिची खुर्ची दाराकडे ढकलली. एरवी तिला उचलून आत नेतात आणि खुर्ची पडवीतच ठेवतात. त्या दिवशी आनंदाच्या भरात ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. खुर्ची उंबऱ्यावर चढली आणि चौकटीत जी अडकली ती ना आत जाईना ना बाहेर येईना.

वाजतगाजत वरात आली आणि बघते तर करवलीने खरोखरच दार अडवलेलं. असं दार त्या गावात कोणी अडवलं नसेल. पोरं चाकांना खोबरेल लावतायत, मामा मागून ओढतोय, माप ठेवायला उंबऱ्यावर जागा नाही, आणि करवली खदाखदा हसतेय. कोणीतरी म्हणालं, तिला उचला न् खुर्ची मोडून काढा. ती ‘नाही’ म्हणून अशी ओरडली की बेंजोवालाही थांबला.

“आधी इचारून घ्या तिला काय इचारायचं ते,” एक म्हातारी म्हणाली.

पण विचारायचं काय? तिला कुठला लेक, कोणासाठी सून मागायची? तिच्या वतीने बोलायचं ते आईने. वहिनीने तोंड उघडलं आणि पदर तोंडाशी धरला. नवरी समोर उभी होती, डोक्यावर बाशिंग, पायाशी माप, सगळं गाव मागे.

माझी लेक खुर्चीशेजारी उभी होती. बायका जमल्या, कोणीतरी रडतंय, सगळे थांबलेत. तिच्या हिशेबाने हा आमच्या कामाचाच प्रसंग होता. तिने पर्समधून फोन काढला, बटण दाबलं, एका हाताने वहिनीची पाठ थोपटली, फोन नवरीच्या तोंडासमोर धरला आणि स्वच्छ आवाजात विचारलं, “तुमच्यानंतर कोण?”

मला भुईत गडप व्हावंसं वाटलं. वहिनीने डोळे मिटून घेतले. नवरा “मी हाय” म्हणायला पुढे झाला, पण नवरीने त्याला हातानेच थांबवलं. ती चौकटीकडे बघत होती. वरपासून खालपर्यंत तिने ती बघितली, मग खुर्चीच्या चाकांकडे बघितलं.

“पयलं ह्ये दार मोठं करायला लागंल,” ती म्हणाली. “रोज कोन उचलनार हिला? माजी कंबर जाईल.”

मग मागून चुलता पुढे आला. ते घर त्यानेच बांधलेलं, ती चौकट त्यानेच बसवलेली. त्याने चौकटीच्या लाकडावरून हात फिरवला, खुर्चीतल्या पुतणीकडे पहिल्यांदा नीट बघितलं आणि म्हणाला, “पहार आना.”

“लग्नाच्या दिशी घर फोरतात का?” म्हातारी ओरडली.

“आनतो का मी जाऊ?” तो पोरांवर खेकसला.

पहार आली. करवलीला आहेरात आलेल्या नव्या चादरीने झाकलं, तोंड तेवढं उघडं. चुलत्याने बेताने, लाकूड न फोडता, एका बाजूची चौकट सुटी केली. भिंतीतल्या विटा निघाल्या. धूळ नवरीच्या शालूवर पडली, करवलीच्या नाकात गेली, ती शिंकली आणि पुन्हा हसायला लागली. वहिनी रडत होती, मीही रडत होते, आणि ज्या माणसाला मी मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या होत्या तो धोतराच्या सोग्याने पुतणीच्या कपाळावरची माती पुसत होता. मग खुर्ची सरळ आत गेली. तिच्यामागे, विटांच्या ढिगाशेजारी ठेवलेलं माप पायाने लवंडून नवरी आत गेली.

आता ते दार रुंद आहे. मुलीला घेऊन खोलीवर कधीकधी वहिनीऐवजी सूनच येते, आणि वहिनी घरी झोपते म्हणे. सूनबाई येते तेव्हा माझ्या लेकीची वेणी घालून देते, आणि ‘आज तुम्ही सुट्टी घ्या, बाई’ असं मलाच सांगते. तिचे आभार कसे मानायचे ते मला अजून समजलेलं नाही. पत्र्याकडे बघायची माझी सवय तिच्यामुळे थोडी कमी झाली आहे.

त्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. पहारीचे आवाज, शिंक, म्हातारीची कुरकुर, सगळं त्यात आहे. शेवटी, सगळे आत गेल्यावर, फोन काखेत धरल्याची खरखर ऐकू येते आणि मग माझ्या लेकीचा आवाज, त्या फुटक्या दाराकडे तोंड करून : “आम्ही आपले आभारी आहोत.” इतक्या घरांत तिने ते म्हटलं, तेव्हा मी नुसती चपला शोधत असायचे. त्या दिवशी मीही तिच्या शेजारी उभी राहिले आणि हात जोडले.